आधी मुक्काम, मग घर: फ्रान्सच्या खेड्यात निवास-न्याहारी काढणाऱ्या एका जोडप्याचं प्रकरण

हे प्रकरण संबंधित दोघांच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि घरगुती आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. नियम आणि कायदे मात्र त्या त्या वेळी जसे होते तसेच दिले आहेत.

पार्श्वभूमी

पुण्यातलं जोडपं, दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तो सॉफ्टवेअर कंपनीत व्यवस्थापक. ती हॉटेल मॅनेजमेंट शिकवायची आणि फ्रेंच बी-२ पातळीपर्यंत शिकलेली. मुलगी शिक्षणासाठी बाहेर, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं, दोघांची मिळून बऱ्यापैकी शिल्लक. परदेशात खेड्यात राहायचं, चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, सकाळी त्यांना न्याहारी घालायची, हा बेत दोघांच्या बोलण्यात बरीच वर्षं होता. देश फ्रान्सच, कारण भाषा तिला येत होती.

फ्रान्समध्ये या धंद्याला 'शांब्र दोत' म्हणतात आणि त्याची चौकट कायद्याने आखलेली आहे. यजमानाने त्याच घरात राहायचं, पाहुण्यांचं स्वागत स्वतः करायचं, न्याहारी आणि चादरी-टॉवेल भाड्यातच द्यायचे. खोल्या जास्तीत जास्त ५, एका वेळी पाहुणे जास्तीत जास्त १५. सुरू करण्यापूर्वी गावच्या मेअरच्या कार्यालयात नोंद करायची. त्यापलीकडे गेलात तर वेगळे परवाने आणि आगीपासून संरक्षणाचे वेगळे नियम लागू होतात.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच मर्यादा. खर्चाला छत नाही, उत्पन्नाला आहे, तेही कायद्याने घातलेलं. नवऱ्याने पुण्यात बसून जो एक्सेल तक्ता केला होता त्यात ५ खोल्या, रात्रीला ११० युरो आणि वर्षभर ६० टक्के भरणा धरला होता. बेरीज १,२०,००० युरोंच्या वर जात होती. तक्ता नीटनेटका होता, सूत्रं बरोबर होती. फक्त नोव्हेंबर ते मार्च फ्रान्सच्या आतल्या भागातल्या खेड्यात कोण राहायला येतं, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नव्हता.

अडचण

२०२३च्या शरद ऋतूत दोघं पेरिगोर भागात सुट्टीवर गेले आणि एका घराच्या प्रेमात पडले. दगडी घर, पोहण्याचा तलाव, अक्रोडाची झाडं, किंमत २,८५,००० युरो. सुट्टी संपायच्या आत त्यांनी विक्रीच्या प्राथमिक करारावर, म्हणजे 'काँप्रोमी'वर सह्या केल्या. १० टक्के बयाणा नोतेरच्या खात्यात जमा करायचा होता. नोतेर हा सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ, घराची खरेदी-विक्री त्याच्यामार्फतच होते. त्याचं शुल्क आणि सरकारी कर धरून जुन्या घरावर साधारण ७ ते ८ टक्के वर जातात.

परत आल्यावर तीन गोष्टी एकाच आठवड्यात अंगावर आल्या.

पहिली पुण्यातल्या बँकेत. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. दोघांचे मिळून ५,००,००० डॉलर, म्हणजे घर मर्यादेत बसत होतं. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा रकमेवर ७ लाखांच्या पुढे २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने गोळा करायचा आयकर, सुरू झाला होता. घर आणि नोतेरचा खर्च मिळून पावणेतीन कोटी रुपये धरले, तर ५० लाखांहून अधिक रक्कम बँक आधीच कापून घेणार होती. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर ते ५० लाख अडकणार, आणि घराची डागडुजी नेमकी त्याच पैशातून व्हायची होती.

दुसरी गोष्ट व्हिसाची. घर घेतलं म्हणून फ्रान्स राहण्याचा हक्क देत नाही. खेड्यात घर असलेला भारतीय माणूस तिथे पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतो, बस. "व्हिसा मिळाला नाही तर करार रद्द, अशी अट घालता येईल का?" असं तिने नोतेरला विचारलं. उत्तर सरळ होतं: घालता येते, पण विकणाऱ्याने मान्य केली तर. विकणाऱ्याने केली नाही.

तिसरी गोष्ट मैलापाण्याची. खेड्यात गटारयोजना नसते, प्रत्येक घराची आपली सेप्टिक टाकी. तिची तपासणी करणारी सार्वजनिक सेवा असते, तिला स्पांक म्हणतात, आणि विक्रीच्या कागदांत तिचा तीन वर्षांच्या आतला अहवाल जोडावा लागतो. या घराची टाकी नियमात बसत नव्हती. अशा वेळी विक्रीनंतर वर्षभरात ती दुरुस्त करण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. अहवाल सही करताना समोरच होता. तिने तो वाचला होता, पण तलावाच्या काठावर उभं राहून वाचलेले अहवाल कुणाला झोंबत नाहीत.

पहिला निर्णय: माघार

फ्रान्समध्ये राहतं घर घेणाऱ्याला प्राथमिक करार हातात पडल्यापासून १० दिवस माघार घेता येते. कारण द्यावं लागत नाही, पैसे कापले जात नाहीत. फक्त पोचपावतीच्या रजिस्टर्ड पत्राने कळवायचं. सातव्या दिवशी रात्री तो म्हणाला, "अगं, ही मुदत आपल्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे." ती चिडली होती, घर हातचं जातंय म्हणून. पत्र मात्र तिनेच लिहिलं.

इथे एक टिप्पणी करतो. पुष्कळ लोक या टप्प्यावर मागे फिरत नाहीत, कारण नातेवाइकांना सांगून झालेलं असतं. या दोघांनीही सांगितलं होतं. पुढचे काही महिने प्रत्येक लग्नात "काय, फ्रान्सचं काय झालं?" हे ऐकावं लागलं. त्यांच्या मते तो त्रास ५० लाखांपेक्षा स्वस्त पडला.

कोणते पर्याय तोलले

बेत सोडायचा नव्हता, क्रम बदलायचा होता. आधी घर, मग व्हिसा, मग पाहुणे, या ओळीत कुठेतरी गडबड आहे एवढं कळलं होतं.

निवृत्तीसारखा 'अभ्यागत' व्हिसा घेऊन नुसतं राहायला जाणं सोपं होतं. पण तो घेताना फ्रान्समध्ये कुठलाही व्यवसाय करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. पाहुण्यांकडून पैसे घेणं म्हणजे व्यवसायच. हा पर्याय तिथेच संपला.

क्रझसारख्या भागात कमी पैशात पडकं घर घेऊन दुरुस्त करणं हा त्याचा आवडता पर्याय होता. तिने एकच प्रश्न विचारला: "अरे, दुरुस्ती चालू असताना आपण कुठल्या व्हिसावर आणि कुठल्या पैशावर राहायचं?"

उरला तो उद्योजकाचा रस्ता. त्या वेळी 'पासपोर्ट तालाँ' नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवास परवान्यात व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी एक प्रकार होता. किमान ३०,००० युरोंची गुंतवणूक, पदव्युत्तर पातळीची पदवी किंवा ५ वर्षांचा अनुभव, प्रकल्प खरा आणि गंभीर असल्याची सरकारी छाननी, आणि उदरनिर्वाहासाठी निदान फ्रेंच किमान वेतनाइतकं साधन. हे वेतन, स्मिक, २०२४च्या अखेरीस वर्षाला सुमारे २१,६०० युरो होतं. परवाना ४ वर्षांपर्यंत मिळतो आणि जोडीदारालाही काम करता येतं. अट एकच, पण मोठी: प्रकल्पाचा हिशेब दुसऱ्या कुणीतरी, सरकारी टेबलावर बसून, वाचणार होतं. एक्सेलमधले ६० टक्के तिथे टिकणार नव्हते.

दुसरा निर्णय: जागा पायी चालून शोधली

२०२४च्या वसंतात दोघं पुन्हा गेले, पण या वेळी घरं बघायला नाही. दक्षिणेकडच्या लॉत जिल्ह्यातून जीआर ६५ ही पायवाट जाते. ल् पुईपासून निघून स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंत जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा हा भाग. फ्रान्समधल्या या मार्गांना युनेस्कोने १९९८ मध्ये जागतिक वारशात घेतलं, आणि त्यात फेसेल ते काझार्क हा तुकडा नावानिशी आहे. दोघं फिझाकपासून काओरपर्यंत चालले आणि रोज रात्री अशाच एखाद्या घरात मुक्काम केला.

चालताना त्याला जे दिसलं ते कुठल्याही तक्त्यात नव्हतं. फिझाक ते काझार्क हे अंतर ३० किलोमीटरच्या आसपास. तरणेताठे ते एका दिवसात कापतात, पण वाटेवरचे बहुतेक लोक साठीतले. त्यांना मध्ये थांबायचं असतं, आणि मध्ये मोजकीच घरं. वारी ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही: मुक्कामाच्या गावाला देखावा लागत नाही, ते फक्त योग्य अंतरावर असावं लागतं.

आणखी एक गोष्ट. तलाव असलेल्या घराचा धंदा जुलै-ऑगस्टवर चालतो. या वाटेवरचा हंगाम मात्र एप्रिलपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि मे व सप्टेंबर सगळ्यात भरलेले. चुनखडीचं ते पठार भर उन्हाळ्यात तापतं, सावली कमी, पाणी कमी, म्हणून चालणारे तेव्हा घटतात. म्हणजे हंगाम दुपटीहून लांब, पण पाहुणा एकाच रात्रीचा. रोज चादरी बदला, रोज न्हाणीघर घासा. तिने तिथेच सांगितलं, "कपडे धुण्याचं यंत्र मोठं घ्यावं लागेल."

तिसरा निर्णय: भाड्याने घेऊन विकत घेण्याचा हक्क

या पट्ट्यातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेलं जोडपं तीन खोल्यांचं शांब्र दोत चालवत होतं आणि थकलं होतं. मॅडमनी पाहुण्यांची वही काढून दाखवली. निळ्या शाईत, प्रत्येक रात्रीची नोंद. तीन खोल्या मिळून वर्षाला साधारण २८० खोली-रात्री. ६० टक्के सोडा, वर्षभराच्या हिशेबाने हे २६ टक्केसुद्धा भरत नव्हतं, आणि हे वीस वर्षं चालवलेलं, नाव असलेलं घर.

या वहीवरून नवा हिशेब मांडला. खोली ८० युरो धरली तर २२,४०० युरो. रात्रीचं जेवण दिलं, म्हणजे 'ताब्ल दोत', तर ४०० ताटं २४ युरोंप्रमाणे आणखी ९,६००. एकूण ३२,०००. त्यातून सामाजिक सुरक्षेची वर्गणी १२.३ टक्के, किराणा, वीज-गॅस-लाकूड, विमा, बुकिंग संकेतस्थळांचं कमिशन वजा जाता हातात साडेचौदा हजार राहत होते. स्मिकच्या बऱ्याच खाली. चौथी खोली सुरू केली आणि अंगणातली एक खोली उन्हाळ्यात आठवड्याच्या भाड्याने स्वयंपाकघरासह दिली, तर आकडा २१,६००च्या वर सरकत होता. अर्जात हाच आराखडा गेला, सोबत पुण्याच्या फ्लॅटचं भाडं आणि शिल्लक.

व्यवहाराची रचना अशी: १ वर्षाचं भाडेपत्र, खोल्या पाहुण्यांना देण्याची घरमालकांची लेखी परवानगी, आणि नोतेरसमोर केलेली विक्रीची एकतर्फी हमी. किंमत १,९८,००० युरो, १५ महिने गोठवलेली. बदल्यात ५ टक्के, म्हणजे ९,९०० युरो जमा. घर घेतलं नाही तर ते गेले, घेतलं तर किमतीत वळते. भाडं महिना ७५० युरो.

पैशाच्या बाजूने याचा फायदा मोठा होता. व्यवसायासाठी भारत सोडल्यावर परकीय चलन कायद्याने दोघं अनिवासी ठरले, बँक खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची खाती, झाली. अनिवासीला एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, कराचे कागद आणि सीएचं प्रमाणपत्र देऊन. ही रक्कम उदारीकृत योजनेत येत नाही, त्यामुळे तो २० टक्के टीसीएसही नाही. तेच घर, तेच पैसे, फक्त माणसं आधी गेली.

प्रत्यक्षात काय झालं

जानेवारी २०२५ मध्ये दोघं पोचले. मेअरच्या कार्यालयातली नोंद अर्ध्या तासात झाली. रात्रीच्या जेवणासोबत वाइन द्यायची म्हणून दोघांनी एका दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण घेतलं. जेवणाचे नियम कडक आहेत: फक्त मुक्कामी पाहुण्यांना, एकच ठरलेलं जेवण, घरच्याच टेबलावर. तिला हे पथ्यावर पडलं. वाटेवर शाकाहारी माणसाला बहुतेक ठिकाणी आम्लेटवर भागवावं लागतं. इथे डाळ, भाजी, शेवटी रोकामादूरचं बकरीचं चीज आणि अक्रोड, अशी ख्याती वाटेवर तोंडोतोंडी पसरली. न्याहारीला पोहे करून पाहिले. पाहुण्यांनी कौतुक केलं आणि पाव-लोणी-जॅम मागितलं. पोहे बंद.

दारातल्या पडवीत एक बाक आणि मोठ्या प्लास्टिक पिशव्यांची चळत. प्रत्येक पाठपिशवी पिशवीत बंद करून खालीच ठेवायची, बूटही खाली, खोलीत फक्त लागेल तेवढं टोपलीतून न्यायचं. या वाटेवर ढेकणांची भीती खरी आहे. एका खोलीत लागले तर ऐन हंगामात आठवडे जातात. ही शिस्त मॅडमनी शिकवली आणि दोघं ती कुणासाठीही मोडत नाहीत.

पहिल्या हंगामात ३४० खोली-रात्री आणि ४२० ताटं झाली, सुमारे ३७,३०० युरो. खर्च जाऊन अठरा हजार उरले, त्यातले ९,००० भाड्यात गेले. कराचा आराखडाही बदलला. पूर्वी शांब्र दोतच्या उत्पन्नातले ७१ टक्के खर्चापोटी सरसकट वजा धरले जायचे, २०२५च्या उत्पन्नापासून ५० टक्केच. अर्ज करताना मिळालेल्या जुन्या माहितीत हा बदल नव्हता.

दोन ठिकाणी घसरण झाली. चौथी खोली जुलैत उघडली आणि ऑगस्टमध्ये अंगणात वास सुटला. टाकी तीन पाहुणखोल्यांच्या हिशेबाने नियमात बसत होती, चौथीने क्षमता ओलांडली. नवी गाळण व्यवस्था ११,५०० युरोंना पडली. पेरिगोरमध्ये ज्या मुद्द्यावर माघार घेतली तोच मुद्दा इथे दुसऱ्या दाराने आत आला, कारण या वेळी अहवाल 'ठीक' होता आणि त्यापुढे कुणी विचारलं नाही.

दुसरं वाहन परवान्याचं. भारतीय परवाना फ्रान्समध्ये निवासाचं पहिलं वर्षच चालतो आणि तो फ्रेंच परवान्यात बदलून मिळत नाही. नव्याने परीक्षा: आधी लेखी, ४० प्रश्नांपैकी ३५ बरोबर, फ्रेंचमध्ये, मग रस्त्यावरची. हंगामात अभ्यासाला वेळ कुणाला? ती लेखी पास झाली, पण रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख वर्ष उलटल्यावरची मिळाली. तो लेखीतच अडकला. आणि गावाला बस नाही. मार्ग शेजाऱ्याने सुचवला. ताशी ४५ किलोमीटरच्या वर न जाणारी दोन आसनांची छोटी गाडी असते, ती १९८८ पूर्वी जन्मलेल्यांना परवान्याशिवाय चालवता येते. दोघांचा जन्म सत्तरीच्या दशकातला. कंपनीत मोठी गाडी चालवलेला माणूस दोन महिने मागे ट्रॅक्टरांची रांग घेऊन बाजाराला जात होता. गावात ओळख झाली ती बहुतेक त्यामुळेच, असं ती सांगते.

२०२६च्या सुरुवातीला, मुदत संपण्यापूर्वी, त्यांनी घर विकत घेतलं.

काय वेगळं करता आलं असतं

भाड्याचं वर्ष वायफळ होतं असं तो अजूनही कधीकधी म्हणतो: ९,००० युरो गेले. मला पटत नाही. टीसीएसमध्ये अडकणारी रक्कम आणि व्हिसा नाकारल्यावर परक्या देशात गळ्यात पडलेलं घर, यांच्यासमोर ही रक्कम विम्याच्या हप्त्याएवढी आहे. मात्र भाडं एप्रिलऐवजी जानेवारीपासून सुरू केलं, त्याचा उपयोग करून घेता आला असता. ते तीन महिने दोघांनी भिंती रंगवण्यात घालवले. वाहन परवान्याचा अभ्यास तेव्हाच व्हायला हवा होता, भिंती मेमध्येही कुणी बघत नाही.

चौथ्या खोलीचा निर्णय उलट्या क्रमाने झाला. स्पांकला आधी विचारायचं होतं: आज टाकी चालते का, हे नाही, तर वरची खोली उघडली तर चालेल का. विक्रीच्या कागदांतले अहवाल घराची आजची स्थिती सांगतात, तुमचा बेत त्यांना माहीत नसतो.

एक निर्णय अजून व्हायचा आहे. आवारातलं जुनं कोठार दुरुस्त करून तिथे स्वयंपाकघरासह भाड्याची जागा करावी, असं त्याला वाटतं. ती हिवाळ्यातही चालेल आणि निवास परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी उत्पन्न भक्कम दिसेल. तिचं म्हणणं, चार खोल्यांच्या चादरी दोघांच्या हातांना पुरेशा आहेत, कोठाराची गुंतवणूक वसूल व्हायला दहा वर्षं लागतील आणि तेव्हा दोघं साठीत असतील. या वेळी निदान हिशेब मॅडमच्या वहीवरून चालू आहे, आणि स्पांकला पत्र आधी गेलं आहे.